एकोणीस काचपट्ट्या

गुरुवार, सोळा ऑक्टोबर. सकाळी दहा. जागा: अमेरिकेतल्या बॉथेल गावची आमची लॅब, मागची मीटिंग रूम. हजर: बाई, संकेत, डॅन, मी. व्हिडिओवर: संकेतच्या कमिटीतले दोन प्रोफेसर. गैरहजर: कोणी नाही.

दर गुरुवारच्या मीटिंगचं टिपण ठेवायचं काम माझं. अकरा वर्षांत मी एकही गुरुवार सोडला नाही. पण त्या दिवशीच्या पानावर हजेरीखाली एकच ओळ आहे: 'बाई उभ्या राहिल्या.' पुढे पान कोरं. जे ऐकलं ते लिहायला माझा हात पुढे सरकलाच नाही. ते आता लिहिते आहे, आठवेल त्या क्रमाने.

बाई म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. सत्तरी ओलांडलेल्या, उंची पाच फुटांच्या आत, बारा महिने अंगात एकच करडा स्वेटर. मूळच्या मिरजेच्या. अमेरिकेत चाळीस वर्षं काढून झाली तरी भेटेल त्या मराठी माणसाला पहिल्याच वाक्यात 'तू' म्हणायच्या. इथे प्रोफेसरांनासुद्धा नावाने हाक मारतात, पण त्यांना नावाने हाक मारणारा माणूस मी पाहिला नाही. शाळेतल्यासारखं सगळे 'बाई' म्हणत. डॅन आमचा टेक्निशियन, माँटानाच्या गुराख्यांच्या घरातला सहा फुटी माणूस, तोही बाईच म्हणायचा. त्याला वाटायचं हे त्यांचं नाव आहे. खरं कळायला त्याला सहा वर्षं लागली. तेव्हा त्याने विचारलं, "मग तुमचं नाव काय?"

"तुला काय करायचंय?" बाई म्हणाल्या.

आमचं काम कोंबडीच्या अंड्यांवर. अंड्यात पिल्लाचे अवयव अगदी पहिल्यांदा कसे आकार घेतात ते पाहायचं. पिल्लू म्हणण्यासारखं तेव्हा काही नसतंच. अंडं उबवायला ठेवलं की पहिल्या दिवसाअखेर बलकावर एक फिकट डाग दिसतो, चपलेच्या तळव्याच्या आकाराचा, आणि त्यात मधोमध एक रेघ. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या दोन बाजूंनी दोन बारीक नळ्या मध्यावर येतात, एकमेकींना चिकटतात, एक होतात आणि धडधडायला लागतात. तेच हृदय. मेंदू अजून उघड्या पन्हळीसारखा असतो. डोळ्यांच्या जागी नुसते दोन फुगवटे. अंगात फिरणारं रक्त नाही. आणि ठोका मात्र सुरू.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठूनच उभी राहिले होते.

"रक्त नाही तर हे पंप कसलं करतंय?"

"सराव," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मग काही तासांत ही सरळ नळी वाकते आणि एका बाजूला फुगते. नेहमी उजवीकडे. तोवर सगळं दोन्ही बाजूंना सारखं असतं. डावं वेगळं, उजवं वेगळं हे डोळ्यांना सहज दिसतं ते इथे, या वळणात. बाईंचं सगळं आयुष्य या एका वळणावर गेलं.

मला त्यांनी नोकरीवर घेतलं तो किस्सा मी कितीतरी पार्ट्यांमध्ये सांगितलाय. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे आलो. मी कॉमर्सची, दहा वर्षं ऑफिस सांभाळलेली. लॅब मॅनेजर पाहिजे असं वाचून गेले. बाईंनी माझा कागद बघितलाही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एक अंडं ठेवलं होतं, कवचाला वर नखाएवढी खिडकी पाडलेली. शेजारी पेन्सिल आणि कोरा कागद.

"एक तास. दिसेल ते काढ."

"मला चित्र काढता येत नाही."

"मग काय येतं?"

"यादी करता येते."

"कर मग यादी."

मी केली. एक: मधोमध उभी रेघ, वर जाड, खाली निमुळती. दोन: रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक चौकोन, विटांसारखे, आठ जोड्या. तीन: वरच्या टोकाला घडी घातल्यासारखं काहीतरी. चार: उजवीकडे एक केस पडलेला, बहुधा माझा. असं सतराव्या क्रमांकापर्यंत.

बाईंनी यादी वाचली, डोळा भिंगाला लावला आणि विटा मोजल्या. "आठ. बरोबर. गेल्या महिन्यात दोन पीएचडीवाले आले होते, दोघांनी दहा काढल्या. पुस्तकातल्या चित्रात दहा असतात म्हणून." मग चौथ्या क्रमांकावर बोट ठेवलं. "उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे?"

"माझ्या."

"अंड्यात हा पालथा आहे. पाठ तुझ्याकडे. म्हणून तुझी उजवी तीच त्याची उजवी. उताणा असता तर?"

"तर उलट झालं असतं."

"इथे डावी-उजवी लिहायची ती त्याची. तुझी नाही. सोमवारी ये."

'कुणाची डावी?' हा प्रश्न त्या दिवसाला दहादा विचारायच्या. डॅनने फ्रीजचं दार डाव्या हाताला आहे म्हटलं तरी विचारायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एक काका पार्किंग समजावत होते, "डावीकडे वळा." बाई ताबडतोब, "माझी की तुमची?" काका इतके गोंधळले की त्यांनी गाडी स्वतःच लावून दिली.

दुसरा नियम खोडरबराचा. इथल्या पिवळ्या पेन्सिलींच्या मागे गुलाबी रबर असतं. नवीन खोका आला की बाई पक्कड घेऊन बसायच्या आणि बाराच्या बारा पेन्सिलींची ती रबरं उपटून टाकायच्या. "चुकलं तर रेघ मारायची आणि शेजारी बरोबर काय ते लिहायचं. काय चुकलं होतं ते मला दिसलं पाहिजे." डॅन म्हणायचा, ही लॅब नाही, पेन्सिलींचा कत्तलखाना आहे.

अंडी त्या स्वतः फार्मवरून आणायच्या. ट्रे मागच्या सीटवर, त्यांना सीटबेल्ट, आणि ४०५ हायवेवर उजव्या लेनमध्ये चाळीसचा वेग. एकदा पोलिसाने थांबवलं. मी शेजारी बसले होते.

"मॅम, इथे साठ आहे. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे. मंडळी झोपलेली आहेत."

त्याने मागे वाकून पाहिलं. "अंड्यांना बेल्ट लावलाय?"

"तुझा आवाज जरा कमी कर," बाई त्याला इंग्रजीत म्हणाल्या. "त्यांची अजून सुरुवात व्हायचीय."

त्याने आम्हाला जाऊ दिलं. पुढच्या एक्झिटपर्यंत मागे दिवे लावून सोबतही आला.

हे सगळं हसण्यासारखं. आता हसण्यासारखं नाही ते.

बाईंचं नाव झालं ते तेवीस वर्षांपूर्वीच्या एका पेपरमुळे. एका द्रव्यात भिजवलेला, खसखशीपेक्षाही लहान मणी त्या रेघेच्या टोकाशी ठरावीक वेळी ठेवला, तर हृदय उलट वळतं, डावीकडे, असं त्यांनी दाखवलं होतं. चोवीसपैकी एकोणीस गर्भांत. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये जे काही झालं ते त्या एकोणिसांच्या पायावर. दुसऱ्या लॅबांनी करून पाहिलं, काहींना जमलं नाही. बाई म्हणायच्या, "हात. हे हाताचं काम आहे."

संकेतला दिलेलं काम होतं, तो मणी हे कसं करतो ते शोधणं. संकेत नागपूरचा, आमच्याकडे पीएचडीच्या पाचव्या वर्षाला. चार वर्षं तो मणी ठेवत होता आणि चार वर्षं त्याची हृदयं उजवीकडेच वळत होती. शंभरातलं एखाददुसरं वळायचं उलट, ते तर मणी न ठेवताही कधी वळतं. बाई त्याच्या खांद्यामागून बघायच्या आणि म्हणायच्या, "मणी हलतोय तुझा. हात सुधार."

त्याने सुधारायचा प्रयत्न किती केला ते मी पाहिलंय. घरी जेलीच्या थरावर खसखशीचे दाणे चिमट्याने ओळीत लावत बसायचा. वजनं उचलणं बंद केलं, हात थरथरतात म्हणून. एक दिवस त्याच्या टेबलावर कप दिसला नाही.

"चहा सोडला, ताई."

"तू?"

"बाप्पा, काय करू? कॅफिनने हात हलतो म्हणते सगळे. कॉफी नाही, चहा नाही. सकाळी गरम पाणी पितो म्हाताऱ्यासारखं."

कमिटीने त्याला डिसेंबरपर्यंत मुदत दिली होती. तोपर्यंत हृदयं उलट वळली नाहीत तर पीएचडी नाही, एमएसची पदवी घेऊन बाहेर पडायचं. मग व्हिसाही संपला. त्याची आई नागपूरला शिक्षिका होती, आता रिटायर. ती दर रविवारी फोनवर विचारायची, डॉक्टर कधी म्हणू? तो म्हणायचा, डिसेंबर.

त्याच्या उलट न वळलेल्या अंड्यांना लॅबमध्ये 'फसलेली' म्हणत. बाईंच्या मते ती मोजायची नाहीत, कारण मणी हलला. मी मात्र त्यांचं रजिस्टर ठेवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. मला काहीही न नोंदता फेकता येत नाही.

येत्या उन्हाळ्यात बाई रिटायर होणार होत्या, लॅब बंद होणार होती. म्हणून सप्टेंबरपासून मी जुन्या वह्या आणि काचपट्ट्या संगणकावर नोंदवायला घेतल्या. काचपट्टी म्हणजे गर्भ लाल रंगवून, पारदर्शक करून, दोन काचांमध्ये कायमचा बसवलेला. त्या गाजलेल्या चोवीस पट्ट्या लाकडी पेटीत वेगळ्या ठेवल्या होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात अंड्याचा नंबर होता. आणि काहींवर त्याखाली गोलात दुसरा, लहान नंबर.

तो गोलातला नंबर मी ओळखला. तो रिंगचा नंबर. कधी कधी खिडकी पाडताना कवच तडकतं आणि अंडं वाया जायची वेळ येते. मग गर्भ बाहेर काढून कागदाच्या गोल कडीवर, जेलीच्या बशीत वाढवतात. त्या कड्यांची ऑर्डर मीच देते. अंड्यात गर्भ पालथा असतो. रिंगवर तो उताणा ठेवतात.

मी वही काढली. त्या तारखेला लिहिलं होतं: 'कवचं तडकली. एकोणीस रिंगवर हलवले.' पेपरमध्ये लिहिलं होतं: 'सर्व गर्भ अंड्यात, पाठीकडून पाहिलेले.'

मी दोन रकाने केले. रिंगचा नंबर असलेल्या पट्ट्या: एकोणीस. हृदय उलट वळलेल्या पट्ट्या: एकोणीस. त्याच. बाकीच्या पाचांवर रिंगचा नंबर नव्हता, आणि उलट वळली नाहीत ती पाच तीच होती.

मी तीनदा जुळवलं. मग उठून बाहेर गाडीत जाऊन बसले. हात स्टिअरिंगवर होते आणि गाडी सुरू करायची की नाही ते कळत नव्हतं. उताण्या माणसाकडे समोरून पाहिलं की त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. एवढंच झालं होतं. मण्याने काहीही केलं नव्हतं. एकोणीस हृदयं जशी वळायला हवी तशीच वळली होती, आणि संकेतचीही तशीच वळत होती. चार वर्षं.

दुसऱ्या दिवशी मी त्या वहीचं पुढचं पान उलटलं, ते उलटलं नसतं तर बरं झालं असतं. वहीत सगळं इंग्रजीत. पण समासात पेन्सिलीने, बारीक गोल अक्षरात, मराठीत एक ओळ होती: 'रिंगवरचे आहेत. पट्टीवर उताणे बसवले गेले असतील का?' त्याखाली शाईने, बाईंच्या अक्षरात, एक शब्द.

'नाही.'

पट्ट्या कोणी बनवल्या ते पहिल्या पानावर होतं. सुनीता, आणि एक आडनाव. बाईंच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी. अकरा वर्षांत हे नाव मी ऐकलं नव्हतं.

'बाईंना सांगणे' हे काम मी त्या दिवशीच्या यादीत लिहिलं. दुसऱ्या दिवशीच्या यादीत ढकललं. मग तिसऱ्या. माझ्या यादीत एखादं काम दोन दिवसांच्या वर राहत नाही, हे अकरा दिवस राहिलं. बाराव्या दिवशी सोमवार होता. सकाळी संकेत आला आणि म्हणाला, "ताई, एखादा रिकामा खोका आहे का? हळूहळू टेबल आवरायला घेतो. डिसेंबरमध्ये एकदम नको."

मी त्याला खोका दिला नाही. सरळ बाईंच्या खोलीत गेले आणि दोन रकान्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "पेटी आण."

पारदर्शक गर्भ पट्टीवर पालथा आहे की उताणा, हे नुसतं पाहून कळत नाही. भिंग वरून अगदी सावकाश खाली आणायचं. जे आधी स्पष्ट होतं ते वरच्या अंगाला. पालथा असेल तर पाठीची नळी आधी दिसते, मग हृदय. उताणा असेल तर हृदय आधी. बाईंना हे लहान मुलाला पाढे यावेत तसं येत होतं. तेवीस वर्षांत त्यांना हे करून पाहावंसं वाटलं नव्हतं, कारण पालथेच आहेत हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी पहिली पट्टी लावली. दोन बोटांनी चाक फिरवलं. थांबल्या.

"हृदय आधी," म्हणाल्या. "लिही."

मी लिहिलं. दुसरी पट्टी. "हृदय आधी." तिसरी. त्यांचा आवाज एकदाही बदलला नाही. मी इतक्या वर्षांत इतकी घाबरले नव्हते. एकोणीस वेळा 'हृदय आधी', मग पाच वेळा 'नळी आधी'. शेवटची पट्टी त्यांनी पेटीत नीट बसवली, झाकण लावलं.

मग मी वही उघडून समास दाखवला. त्यांनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं.

"'नाही' हे अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या.

"आठवतं काही?"

"नाही. पट्टी लावूनसुद्धा बघितली नसणार. बघितली असती तर आठवलं असतं."

मी व्यवहारी बाई आहे. अकरा दिवस मी नुसती घाबरत बसले नव्हते, वाटही शोधली होती. ती सांगितली. संकेतने आपल्या थीसिसमध्ये लिहावं की त्याच्या अंड्यांत हृदय उलट वळत नाही. कोंबड्यांची जात वेगळी, मण्याचा नवा साठा वेगळा, कारणं पुष्कळ देता येतात. तो सुटेल. उन्हाळ्यात तुम्ही रिटायर होताय. ही पेटी पुन्हा कोणी उघडणार नाही.

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "तू माझ्याकडे अकरा वर्षं आहेस ना?" एवढंच म्हणाल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग विचारलं, "त्याची फसलेली किती?"

"रजिस्टरप्रमाणे सहाशे बारा."

"फसलेली नाहीत ती. नाव बदल."

आणि तो गुरुवार आला. बाई मीटिंगमध्ये कधी उभ्या राहत नसत, खुर्ची भिंतीला टेकवून बसत. त्या दिवशी उभ्या राहिल्या. पेटी टेबलावर ठेवली आणि इंग्रजीत, सावकाश, सगळं सांगितलं. एकोणीस गर्भ रिंगवरचे होते. पट्ट्यांवर उताणे होते. मी ते पालथे समजून चित्रं काढली. मणी काही करत नाही. पेपर चुकीचा आहे. आज दुपारी जर्नलला पत्र जाईल, पेपर मागे घेतला म्हणून.

डॅनने तोंडावर हात ठेवला. पडद्यावरचे दोन्ही प्रोफेसर हलेनात, मला वाटलं नेट गेलं.

संकेतने स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "म्हणजे... माझा मणी हलत नव्हता?"

"नव्हता," बाई मराठीत म्हणाल्या. "तुझे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत."

मला वाटलं तो आनंदेल. तो उठला, खुर्ची मागे पडली. "चार वर्षं, बाई! चार वर्षं तुम्ही मागे उभं राहून हात, हात, हात! मी आईला सांगून ठेवलं, तुझा मुलगा ढ आहे म्हणून, तिने मला रडत समजावलं! चहा सोडला यार मी!" शेवटचं वाक्य तो ओरडला, आणि मग स्वतःच विचित्र हसला, आणि मग खोलीबाहेर गेला. काचेच्या दारातून तो कॉरिडॉरमध्ये येरझारा घालताना दिसत होता.

बाई उभ्याच होत्या. पडद्यावरचे एक प्रोफेसर घसा साफ करून सहानुभूतीने म्हणाले, ही चूक पट्ट्या बनवणाऱ्या विद्यार्थ्याची दिसते, तुम्ही स्वतःला एवढं—

"तिने विचारलं होतं," बाईंनी त्यांना तोडलं. वही कॅमेऱ्यासमोर धरली आणि तो समास त्यांना भाषांतर करून सांगितला. "मी नाही म्हटलं." वही खाली ठेवली. "त्यानंतर तिने स्वतः दोनशे अंडी केली. एकही उलट वळलं नाही. मी तिला सांगितलं, तुझे हात या कामाचे नाहीत. तिने ते खरं मानलं. एमएस घेऊन ती परत गेली. फार हुशार मुलगी होती." मग माझ्याकडे वळल्या. "हे लिहून घे."

मी लिहू शकले नाही, ते सुरुवातीला सांगितलंच. मी अकरा वर्षं या बाईंच्या हाताखाली होते. त्यांच्या स्वेटरची, त्यांच्या पेन्सिलींची, त्यांच्या सीटबेल्टची नक्कल करून मी लोकांना हसवलंय. 'हात सुधार' हेसुद्धा त्यांचं एक गमतीचं वाक्य म्हणून मी सांगायचे. ते वाक्य कुणाच्या आयुष्यात असं जाऊन बसलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

संकेत वीस मिनिटांनी परत आला. बाईंशी बोलला नाही. माझ्याकडून रजिस्टर घेतलं, सहाशे बारा नोंदी टेबलावर पसरल्या आणि कामाला लागला. दुसऱ्या आठवड्यात बाई त्याच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या. पडताळणीसाठी तो नव्या अंड्यांत मणी ठेवायचा, त्या नंबर वाचून द्यायच्या. त्याने विचारलं तरच बोलायच्या. एकदा त्या नकळत खांद्यामागून वाकल्या, तर तो मान न वळवता म्हणाला, "बाई, हात." त्या मुकाट सरळ झाल्या. डॅन पळत फ्रीजच्या खोलीत गेला, हसू दाबायला.

कमिटीने मुदत वाढवली आणि फेब्रुवारीत त्याच्या थीसिसची तोंडी परीक्षा झाली. बाई शेवटच्या रांगेत बसल्या आणि सगळ्यांत अवघड प्रश्न त्यांनीच विचारला. त्याने उत्तर दिलं. त्याच्या आईने नागपुरात काय काय केलं ते तो नंतर आठवडाभर सांगत होता. मे महिन्यात लॅब बंद झाली. बाई देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला, भाचीकडे राहायला गेल्या. जुने सहकारी फोन करून म्हणत, तुम्ही फार धैर्य दाखवलंत. त्या फोन ठेवून देत.

जाताना त्यांनी मला एकच काम दिलं. एक बंद पाकीट, वर फक्त 'सुनीता'. "तिला सांगायला हवं. तिच्या हातात दे, ईमेल नको."

विद्यापीठ जुन्या विद्यार्थ्यांची माहिती देत नाही. माहेरचं आडनाव माझ्याकडे आहे, सासरचं कोणाला माहीत नाही. तिच्या सांगलीच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा नंबर मिळाला. ती म्हणाली, "लग्न होऊन कराडकडे गेली हो. शाळेत सायन्स शिकवते असं ऐकलं होतं. आडनाव काही केल्या आठवेना." सात सुनीतांशी बोलून झालं. एक म्हणाली, "मी ती नाही, पण सापडली की मला कळवाल का? उगीच रुखरुख लागली आता."

बाई दर शनिवारी सकाळी आठला फोन करतात. विचारतात एवढंच, "मिळाली?"

"नाही, बाई."

"बरं. बघ."

कराड आणि आसपासच्या शाळांची यादी मी काढली आहे. एकशे चार शाळा. तिकडे शाळा भरते तेव्हा आमची जेवणं आटोपलेली असतात, म्हणून रोज जेवणानंतर दोन फोन. सव्वीस झाल्या. त्यांतल्या तीन ठिकाणी सायन्सच्या शिक्षिका सुनीता होत्या, पण अमेरिकेला कोणी गेलेलं नव्हतं. पाकीट माझ्या खणात आहे. अठ्ठ्याहत्तर शाळा राहिल्या आहेत.